लाख अँपिअर बाहेर काढायचे कसे?

चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी दिष्ट धारेची वाहिनी १९९९ साली सुरू झाली. लांबी ७५२ किलोमीटर, दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, क्षमता १५०० मेगावॉट. एवढी वीज मुंबईच्या दिशेने जात असताना तारेतून वाहणारी धारा असते फक्त १५०० अँपिअर. चंद्रपूरजवळच भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण विभागांची विद्युतजाळी जोडणारे १००० मेगावॉटचे केंद्र आहे, तेही दिष्ट धारेच्याच आधाराने चालते. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीत ‘डीसी’ म्हटले की उंच मनोरे आणि लांब इन्सुलेटर आठवतात. या लेखाचा विषय त्याच्या नेमक्या उलट टोकाला आहे. इथे दाब चार-पाच व्होल्ट, फार तर पन्नास-साठ, आणि धारा मात्र लाखांत. उच्च दाबात वीज कोंडून धरण्याची चिंता असते. प्रचंड धारेत ती यंत्राबाहेर कशी काढायची हा प्रश्न असतो, आणि गेली जवळपास दोनशे वर्षे अभियंते त्याच प्रश्नाशी झगडत आहेत. धारा निर्माण करणे त्या मानाने सोपे आहे.

चामोर्शी तालुक्यात बसून या प्रश्नाचा विचार करण्याला कारण आहे. आपल्याच तालुक्यात कोनसरीला लॉइड्स मेटल्सचा स्पंज आयर्नचा कारखाना उभा राहिला आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज तिथे येते, आणि सुरजागडजवळच्या हेडरीपासून कोनसरीपर्यंत खनिजाचा गाळ वाहून आणणारी ८५ किलोमीटरची नळवाहिनीही झाली आहे. खाणीबद्दल ग्रामसभांचे आक्षेप आहेत, ते गंभीर आहेत आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणेच व्हायला हवा. इथे मुद्दा तंत्राचा आहे. कोनसरीतले लोखंड आज कोळशावर होते. जगभर मात्र कोळशाऐवजी हायड्रोजनने लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि हा हायड्रोजन पाण्याचे विद्युत-विघटन करून मिळवायचा असतो. त्याला लागते दिष्ट धारा, आणि ती अफाट लागते.

हिशोब रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या फॅरडेच्या नियमाने करता येतो. एक किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे २६,६०० अँपिअर-तास लागतात. हेमटाइट या लोहखनिजापासून एक टन लोखंड करायला निदान ५४ किलो हायड्रोजन हवा. म्हणजे तासाला एक टन लोखंड काढायचे तर एकाच विघटन-कोषातून १४ लाख अँपिअरहून जास्त धारा सोडावी लागेल. दोनशे कोष एकामागे एक जोडले तर तेच काम सुमारे ७,२०० अँपिअरमध्ये होते, पण दाब त्या प्रमाणात वाढतो. ऊर्जा दोन्हीकडे तेवढीच. किलोमागे पन्नास ते पंचावन्न युनिट धरले तर टनामागे जवळपास तीन हजार युनिट होतात. वर्षाला दहा लाख टन लोखंड या मार्गाने काढायचे ठरवले तर चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रातल्या ५०० मेगावॉटच्या एका संचाचा दोन-तृतीयांश भाग त्यातच जाईल. ती वीज कोळशाचीच असेल तर सारा खटाटोप व्यर्थ आहे, हेही इथेच सांगून टाकतो.

आता जनित्राकडे वळू. प्रचंड दिष्ट धारेचे सगळ्यात सरळ जनित्र तेच, जे सगळ्यात जुने. १८३१ च्या ऑक्टोबरात मायकेल फॅरडेने लंडनमध्ये तांब्याची चकती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवली, एक टोक आसाला आणि दुसरे चकतीच्या कडेला टेकवले आणि अखंड दिष्ट धारा मिळवली. यात कम्युटेटर नाही आणि वेटोळीही नाहीत. धारा आसापासून कडेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने वाहते. अशा यंत्राला होमोपोलर जनित्र म्हणतात, कारण त्यातल्या वाहकाला चुंबकाचा एकच ध्रुव सतत भेटतो. साध्या डायनामोत वेटोळे कधी उत्तर, कधी दक्षिण ध्रुवाखाली येते, म्हणून त्यात प्रत्यावर्ती धारा तयार होते आणि कम्युटेटरने ती सरळ करावी लागते. इथे ती जन्मतःच सरळ असते.

दाब मोजण्याचे सूत्रही सुटसुटीत आहे. चुंबकीय क्षेत्र गुणिले कोनीय वेग गुणिले त्रिज्येचा वर्ग (त्यातून आसाच्या त्रिज्येचा वर्ग वजा करून), आणि त्याच्या निम्मे. क्षेत्र दीड टेस्ला, चकतीची त्रिज्या अर्धा मीटर, मध्यभागी दहा सेंटिमीटर त्रिज्येचा आस, वेग मिनिटाला ३००० फेरे. आकडे घातले की उत्तर येते ५६ व्होल्ट. एवढ्या मोठ्या आणि एवढ्या वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून फक्त ५६ व्होल्ट! पण चकतीचा रोध एका ओहमच्या लाखाव्या भागाहूनही कमी असल्यामुळे तिच्यातून एक लाख अँपिअर वाहायला चकतीची काहीच हरकत नसते. कागदावर साडेपाच मेगावॉटहून जास्त वीज तयार आहे. अडचण सुरू होते ती चकतीच्या कडेवर.

फिरत्या कडेवरून धारा घेण्यासाठी कार्बनचे ब्रश वापरायचे ठरवू. चांगल्या इलेक्ट्रोग्राफाइटच्या ब्रशमधून दर चौरस सेंटिमीटरला दहाएक अँपिअर सुखाने घेता येतात. एक लाख अँपिअरला दहा हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे पुरता एक चौरस मीटर ब्रश लागेल. हे झाले कडेचे. तेवढेच आसावर, कारण जी धारा कडेने बाहेर पडते ती आसातून आत यायला हवी. चकतीचा परिघ तीन मीटरच्या थोडा वर आहे. तो सगळा ब्रशने झाकला तरी कडेची रुंदी ३२ सेंटिमीटर ठेवावी लागते. आसाचा परिघ पाऊण मीटरही नाही, त्यामुळे आसावर ब्रशांची रांग दीड मीटरहून लांब जाते. पातळ चकतीचे देखणे यंत्र असे बघता बघता जाडजूड पिंप होऊन बसते. प्रत्यक्षातली बहुतेक मोठी होमोपोलर यंत्रे पिंपाच्याच आकाराची का झाली, याचे एक मोठे कारण हेच आहे.

पुढे घर्षण येते. ब्रश नीट टेकून राहायला दर चौरस सेंटिमीटरला दोनशे ग्रॅमच्या आसपास दाब द्यावा लागतो. एका चौरस मीटरवर तो दोन टन होतो. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला आणि कडेचा वेग सेकंदाला १५७ मीटर असला, तर नुसत्या घासण्यात कडेवर सव्वासहाशे किलोवॉट आणि आसावर सव्वाशे किलोवॉट जातात. त्यात ब्रश आणि धातू यांच्या सांध्यावर प्रत्येकी सुमारे एक व्होल्टची घट असते. दोन सांधे, एक लाख अँपिअर, म्हणजे आणखी दोनशे किलोवॉट. एकूण साडेनऊशे किलोवॉट उष्णता, तयार झालेल्या विजेच्या सहाव्या भागाएवढी, आणि तीही ब्रशच्या टोकाशी साठणारी. सामान्य कार्बन ब्रश सेकंदाला पन्नास-साठ मीटरपलीकडे टिकत नाहीत, हे तर अजून बाजूलाच आहे. मग वेग कमी करावा का? फेरे हजारावर आणले तर कडेचा वेग ५२ मीटर होतो, घर्षण एक-तृतीयांशावर येते. पण दाबही एक-तृतीयांश होतो, १९ व्होल्टच्या आसपास, आणि सांध्यावरची एक-एक व्होल्टची घट जशीच्या तशी राहते. हिशोब केला की तोटा सहाव्या भागावरून चौथ्या भागाकडे सरकतो. ब्रशच्या प्रश्नातून वेग घटवून सुटका होत नाही. या विषयातली सगळ्यात कडवट गोष्ट ही आहे, आणि ‘मोठी चकती जोरात फिरवू’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी हा हिशोब करावा.

ब्रश बदलून पाहता येतात. ट्रॅक्टरच्या स्टार्टरमध्ये बारा व्होल्टवर काहीशे अँपिअर धारा जाते. तिथले ब्रश तांबूस दिसतात, कारण त्यांत ग्राफाइटपेक्षा तांबे जास्त असते. धातू असल्याने सांध्यावरची घट एका व्होल्टवरून पाव-अर्ध्या व्होल्टवर येते आणि धाराही दुप्पट घेता येते. मात्र ते लवकर झिजतात, वेग सहन करत नाहीत. स्टार्टर काही सेकंदच चालतो म्हणून निभावते. चामोर्शीच्या ज्या मेकॅनिकने कम्युटेटर जळालेला स्टार्टर उघडला आहे, त्याला या लेखातला निम्मा विषय हाताने माहीत आहे.

शेकडो ब्रश शेजारी शेजारी लावले की नवी अडचण उभी राहते. सगळे सारखी धारा घेत नाहीत. एखाद्याची स्प्रिंग थोडी घट्ट असते, एखाद्याखालचा थर वेगळा बनतो. तो जास्त धारा ओढतो, तापतो, आणि कार्बनचा रोध तापल्यावर कमी होत असल्याने आणखी जास्त ओढतो. शेजारचे आळशी राहतात आणि एक ब्रश जळून जातो. हवेतली आर्द्रताही यात खेळते. ग्राफाइटला वंगणासारखे वागायला थोडी वाफ लागते, अगदी कोरड्या हवेत ब्रश भुकटी होऊन झडतात.

कारखान्यात होमोपोलर यंत्र खरेच चालवून पाहण्याचा सर्वांत अभ्यासण्याजोगा प्रयत्न वेस्टिंगहाउस कंपनीच्या बेंजामिन लॅम यांचा. २००० किलोवॉट, २६० व्होल्ट, म्हणजे साडेसात हजार अँपिअरच्या वर. एवढा दाब मिळावा म्हणून त्यांनी अनेक वाहक एकामागे एक जोडले, आणि प्रत्येक जोडणीसाठी फिरत्या कड्या आणि त्यावर ब्रश घातले. दाब वाढवायचा तर सांधे वाढतात, सांधे वाढले की तोटा आणि झीज वाढते. लॅम यांनी १९१२ साली अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे या यंत्राची हकीकत मांडली. तिच्यात यशाबरोबर कड्यांची आणि ब्रशची झीज, तापणे, दुरुस्त्या हे सगळे त्यांनी मोकळेपणाने लिहिले, म्हणून ती आजही वाचण्यासारखी आहे. यंत्र चालले, पण त्याच्या वंशात पुढे फार यंत्रे झाली नाहीत.

त्याच काळात धातूचा मुलामा देण्याच्या धंद्यासाठी सहा ते बारा व्होल्टचे, हजारो अँपिअरचे कम्युटेटरचे डायनामो सर्रास बनत. त्यांतल्या मोठ्यांना दोन्ही टोकांना एकेक कम्युटेटर असे, कारण एका कम्युटेटरवर तेवढे ब्रश मावत नसत. कम्युटेटरला त्याचे स्वतःचे दुखणे आहे. वेटोळे एका पट्टीवरून दुसरीवर जाताना त्यातली धारा क्षणात उलटावी लागते. धारा मोठी असली की ती उलटायला नकार देते आणि ठिणगी पडते. ठिणग्या जुळत गेल्या तर कम्युटेटरभोवती आगीचे कडे फिरते. शक्ती आणि वेग यांचा गुणाकार एका मर्यादेपलीकडे नेला की कम्युटेटरचे यंत्र बनवता येत नाही, हे यंत्ररचनाकारांना पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच कळून चुकले होते.

घन ब्रश नकोच, द्रव धातू वापरू, हा विचार तेव्हापासूनचा. पारा वाहक आहे, पण विषारी, आणि वेगात उसळून फेसाळतो. सोडियम आणि पोटॅशियमचे मिश्रण साध्या तापमानाला द्रव असते आणि वाहकही उत्तम. मात्र हवा किंवा पाणी लागले की पेट घेते, म्हणून यंत्राच्या पोटात नायट्रोजन भरून ठेवावा लागतो. गॅलियमची मिश्रणे त्या मानाने शांत, पण महाग, आणि अॅल्युमिनियमला पोखरतात.

या सगळ्या मार्गांची कसोटी कॅनबेरात लागली. अणुशास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट यांनी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पन्नासच्या दशकात प्रचंड होमोपोलर जनित्र उभारायला घेतले. कणत्वरकाच्या चुंबकाला क्षणभर अफाट धारा द्यायची होती. फिरत्या पोलादी चकत्यांमध्ये ५०० मेगाज्यूल ऊर्जा साठवायची आणि ती काही क्षणांत ओतायची, असा बेत होता. आरंभी सोडियम-पोटॅशियमचा द्रव सांधा योजला होता. तो धोक्याचा ठरला, आणि अखेर तांबे-ग्राफाइटचे घन ब्रशच बसवले गेले. युक्ती अशी की ब्रश एरवी उचललेले असत, आणि धारा सोडायच्या क्षणी हवेच्या दाबाने खाली टेकत. घासणे काही क्षणांचेच, म्हणून वेग आणि धारा दोन्ही नेहमीच्या मर्यादेपलीकडे नेता आले. १९६२ साली सुरू झालेल्या या यंत्राने पंधरा लाख अँपिअरची पातळी गाठली. कणत्वरक झालाच नाही. पण याच जनित्राच्या जोरावर रिचर्ड मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युतचुंबकीय तोफेतून तीन ग्रॅमचा गोळा सेकंदाला ५.९ किलोमीटर वेगाने फेकला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते मोडीत निघाले. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाने प्रत्येकी दहा मेगाज्यूलची सहा होमोपोलर यंत्रे एकत्र जोडून नव्वद लाख अँपिअरच्या स्पंदाची सोय केली, आणि जाड पाइप एका झटक्यात जोडण्यासाठीही हे तंत्र वापरून पाहिले. या दोन्हीकडचा निष्कर्ष एकच निघतो. क्षणभराच्या स्पंदासाठी होमोपोलर यंत्राला तोड नाही, कारण तिथे ब्रशला तापायला वेळच मिळत नाही.

ब्रशवर इतका वेळ थांबलो, पण बाकीचे प्रश्न लहान नाहीत. एक लाख अँपिअर आसातून वाहिले की आसाभोवती गोलाकार चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि भोवतालचे लोखंड संपृक्त होते. ज्या क्षेत्रावर यंत्र चालायचे तेच बिघडते. उपाय म्हणून धारेचा परतीचा रस्ता आसाभोवतीच नळीसारखा बांधतात, जेणेकरून जाणाऱ्या आणि येणाऱ्या धारेची क्षेत्रे एकमेकांना पुसून टाकतील. रचना अवघड होते, पण तिला पर्याय नाही. फिरत्या चकतीवरचा ताणही मोजावा लागतो. कडेला सेकंदाला १५७ मीटर वेग असताना मऊ तांब्याची भरीव चकती आपल्या सहनशक्तीच्या काठावर येते, आणि मध्ये आसासाठी भोक पाडले तर भोकाच्या कडेचा ताण आणखी वाढतो. म्हणून मोठ्या यंत्रांत चकती पोलादाची असते. पोलाद तांब्यापेक्षा वाईट वाहक, पण ते चुंबकीय वाटही देते.

यंत्राच्या बाहेर बसबार सुरू होतात. दर चौरस मिलिमीटरला एक अँपिअर हा मवाळ नियम पाळला तर एक लाख अँपिअरला हजार चौरस सेंटिमीटर छेदाची तांब्याची पट्टी हवी. दहा मीटर लांबीला नऊ टन तांबे, आणि तरी सतरा किलोवॉट उष्णता. तांबे वाचवायला छेद एक-तृतीयांश केला तर तीन टनांत भागते, पण उष्णता पन्नास किलोवॉटच्या वर जाते आणि पाण्याने थंड करणे आले. हाच एक निर्णय, तांबे जास्त की वीज जास्त, अशा प्रत्येक कारखान्याच्या खर्चाच्या मुळाशी असतो. जाणारी आणि परतीची पट्टी तीस सेंटिमीटर अंतरावर असतील तर दर मीटरला जवळपास ६८० किलोच्या जोराने त्या एकमेकींना ढकलतात. जोर धारेच्या वर्गाने वाढतो. पंधरा लाख अँपिअरच्या स्पंदात तोच दीडशे टन होतो, आणि आधार कच्चे असतील तर बसबार भिंतीतून उपटले जातात.

सांधे तर सगळ्यात फसवे. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर क्षणात चढतो आणि तो वीजरोधक असतो. बोल्ट आज घट्ट बसवला तरी मऊ धातू हळूहळू सरकतो आणि सांधा सैल पडतो. सांध्याचा रोध एका ओहमचा दहा लाखावा भाग वाढला तरी एक लाख अँपिअरला तिथे दहा किलोवॉट उष्णता तयार होते. म्हणून सांधे जोडताना पृष्ठभाग घासणे, चांदीचा मुलामा देणे, जमेल तिथे वेल्डच करणे, हे सगळे काटेकोरपणे होते. दिष्ट धारा तोडणे हाही वेगळाच प्रश्न आहे. प्रत्यावर्ती धारा सेकंदात शंभर वेळा शून्यावर येते आणि स्विचला सुटायची संधी देते. दिष्ट धारा अशी संधी देत नाही. मोजमापासाठी आता प्रकाशतंतू बसबारभोवती गुंडाळतात आणि चुंबकीय क्षेत्राने प्रकाशाचे ध्रुवीकरण किती वळले यावरून धारा काढतात. हा परिणामही फॅरडेनेच १८४५ साली शोधला होता.

आपल्याच जिल्ह्यांत या प्रश्नाचा एक सुंदर अध्याय घडला आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे. २१० मेगावॉटचे दोन संच, ५०० मेगावॉटचे पाच. ही सगळी प्रत्यावर्ती धारेची जनित्रे असली तरी प्रत्येकाच्या रोटरमध्ये चुंबकत्व निर्माण करायला मोठी दिष्ट धारा लागते. जुन्या, लहान जनित्रांच्या आसावरच कम्युटेटरचा डायनामो बसवलेला असे आणि तो ही धारा पुरवी. संच वाढले, तशी मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसावर कम्युटेटर टिकेना. २१० मेगावॉटच्या वर्गात रोटरची धारा अडीच हजार अँपिअरच्या घरात जाते. तिथे थायरिस्टरच्या पेट्या दिष्ट धारा तयार करतात, पण ती फिरत्या रोटरमध्ये नेण्यासाठी ब्रश आणि कड्या उरतातच, आणि त्यांची राखण हे कर्मचाऱ्यांचे रोजचे काम राहते. ५०० मेगावॉटच्या वर्गात भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कंपनीने सहसा ब्रश काढूनच टाकले. पूरक जनित्राचे वेटोळे आसावर फिरते, त्यातली प्रत्यावर्ती धारा आसावरच्याच चाकात बसवलेल्या डायोडमधून सरळ होते आणि आसाच्या पोकळीतून थेट रोटरमध्ये जाते. कुठेही घासणे नाही. त्याची किंमतही आहे. चाळीस सेंटिमीटर त्रिज्येवर ३००० फेऱ्यांना वजनाच्या चार हजार पट जोर बाहेर खेचतो, अर्धा किलोचा सुटा भाग दोन टनांचा होतो. डायोड, फ्यूज, प्रत्येक बोल्ट त्यासाठीच रचावा लागतो. पण ब्रशचा प्रश्न सुटला, आणि सुटला तो घासणारा सांधाच नाहीसा करून. मला हा या क्षेत्रातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

धातुउद्योगानेही तीच वाट धरली. आधी प्रत्यावर्ती मोटरने फिरवलेले डायनामो, मग रोटरी कन्व्हर्टर, मग पाऱ्याच्या वाफेचे रेक्टिफायर, आणि साठच्या दशकापासून सिलिकॉनचे डायोड. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मॉइलचा इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखाना आहे. आपल्या विभागातल्या खनिजावर दिष्ट धारेने प्रक्रिया करून बॅटरीसाठीचा माल बनवण्याचे ते जवळचे उदाहरण. बेळगावात इंडालचा अॅल्युमिनियम गाळण्याचा कारखाना सत्तरच्या दशकात सुरू झाला. वीज महाग आणि अपुरी, म्हणून तो बंद पडला. तिथे आता अॅल्युमिना होतो आणि कोल्हापूरच्या डोंगरातले बॉक्साइट त्याला लागते. रत्नागिरीत बाल्कोच्या अॅल्युमिनियम प्रकल्पासाठी जमीन घेतली गेली, कारखाना झालाच नाही. धातू डोंगरात असला तरी स्वस्त विजेशिवाय तो बाहेर येत नाही. आज ओडिशा-मध्य प्रदेशातल्या मोठ्या कारखान्यांत एकेका भट्टीतून तीन लाखांहून अधिक अँपिअर जातात. दर भट्टीला चार व्होल्टच्या थोडा वर दाब, आणि दिवसाला दोन टनांहून जास्त धातू. तीनएकशे भट्ट्या एकामागे एक जोडल्या की एकूण दाब हजार व्होल्टच्या पुढे जातो. एवढ्या दाबाला डायोडमधली एक-दीड व्होल्टची घट नगण्य ठरते. युक्ती दाब वाढवण्यात आहे, धारा तीच ठेवून.

चंद्रपूरच्या सेलच्या फेरो अलॉय कारखान्यातल्या भट्ट्या प्रत्यावर्ती धारेवर चालतात. तेहतीस मेगाव्होल्टअँपिअरची तीन-फेजची भट्टी दोनशे व्होल्टवर चालली तर दर इलेक्ट्रोडमधून ९५ हजार अँपिअर जातात, पण ही धारा पन्नास हर्ट्झची असल्याने तांब्याच्या वरच्या नऊएक मिलिमीटरांतूनच वाहते, आतले तांबे फुकट. दिष्ट धारेला ही अडचण नाही. पोलादाच्या विद्युत भट्ट्यांत दिष्ट धारा येण्याचे हेही एक कारण. गुजरातेत हजिऱ्याला दीडशे टनी अशा भट्ट्या नव्वदच्या दशकापासून आहेत. तिथेही एक पेच असतो: बसबारचे चुंबकीय क्षेत्र विजेच्या ज्वाळेला एका बाजूला ढकलते आणि भट्टीची तीच भिंत जळते. बसबार भट्टीखालून कुठल्या दिशेने न्यायचे, यावर अस्तराचे आयुष्य ठरते.

या विषयाभोवती एक भ्रमही फिरत राहतो. चुंबक चकतीबरोबरच फिरवला तरी दाब मिळतो, हे फॅरडेलाही दिसले होते आणि ते खरे आहे. अमेरिकेत ब्रूस डीपाल्मा यांनी त्यावरून असा दावा केला की अशा यंत्रात फिरवण्याला विरोध होत नाही आणि दिलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळते. भारतातही त्यांचे अनुयायी झाले. कमी दाब आणि प्रचंड धारा असताना ब्रशवरची घट, तापलेले सांधे, मोटरचे नुकसान यांत थोडी चूक झाली तरी ऊर्जेचा हिशोब उलटा दिसतो. स्वतंत्र, काटेकोर मोजणीत हा दावा टिकलेला नाही. तरुण विद्यार्थ्यांनी यावर वर्षे घालवू नयेत.

होमोपोलर यंत्राचा पुढचा काळ अतिवाहकांशी जोडलेला आहे. अतिवाहक वेटोळ्यांनी क्षेत्र अनेक पटींनी वाढवले की तेवढ्याच वेगात दाब वाढतो आणि ब्रशवरचा भार हलका होतो. इंग्लंडात फॉली वीजकेंद्रात १९७० च्या आसपास ३२५० अश्वशक्तीची अशी मोटर चालवून पाहिली गेली. अमेरिकन नौदलाने जहाजांसाठी पुढे प्रयत्न केले, आणि व्हर्जिनिया विद्यापीठात डोरिस कुलमन-विल्सडॉर्फ यांनी केसासारख्या बारीक धातुतंतूंचे ब्रश विकसित केले, जे कमी दाबाने आणि कमी घटीने मोठी धारा घेतात. जहाजाच्या मोटरला याचा उपयोग होऊ शकतो. कारखान्याला, माझ्या मते, नाही.

कारखान्यासाठी दिष्ट धारेचे फिरते जनित्र हा प्रश्न निकालात निघालेला आहे. बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस स्पंदांचे ट्रान्सफॉर्मर-रेक्टिफायर संच, भट्टीच्या किंवा कोषांच्या अगदी शेजारी, बसबार कमीत कमी लांब: एवढीच योग्य रचना. कमी दाबाच्या कामात तर एकाच डायोडमधून धारा जाणारी, इंटरफेज ट्रान्सफॉर्मरची जोडणी घ्यावी, म्हणजे एक व्होल्ट वाचतो, आणि लाखो अँपिअरला तो एक व्होल्टच शेकडो किलोवॉट असतो. सौर पटलांची वीज आधीच दिष्ट आहे. ती आधी प्रत्यावर्ती करून पुन्हा दिष्ट करण्यापेक्षा थेट विघटन-कोषांना देण्यावर जगात काम चालू आहे, आणि गडचिरोलीसारख्या उन्हाच्या भागात त्याकडे लक्ष द्यायला हवे.

कोनसरीत उद्या हायड्रोजन आला किंवा नाही, तरी पोलादाची विद्युत भट्टी, रेक्टिफायर आणि बसबार या तालुक्यात येण्याची शक्यता वाढत जाईल. त्या कामाला लागणारे शिक्षण आजपासून सुरू व्हावे. गडचिरोलीच्या शासकीय तंत्रनिकेतनात आणि जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये वायरिंग आणि मोटर-रिवाइंडिंग शिकवले जाते. त्याच्या जोडीला बसबारचा सांधा कसा घासायचा, बोल्ट किती जोराने आवळायचा, एका ओहमचा दहा लाखावा भाग कसा मोजायचा आणि रेक्टिफायरमधला डायोड कसा तपासायचा, हे शिकवले पाहिजे. या गोष्टींना मोठी यंत्रे लागत नाहीत. कमी दाबाचा एक जुना वेल्डिंग रेक्टिफायर, थोडे तांबे-अॅल्युमिनियम आणि एक मायक्रोओहम मीटर पुरतो. ज्यांच्या हातात अभ्यासक्रम ठरवणे आहे, त्यांनी एवढे करावे.